डावं मागचं चाक

रुपयाच्या नाण्याएवढी ती रबराची काळी वाटी त्याच्या बोटाच्या टोकावर पालथी बसली होती, ब्रेकच्या तेलाने ओली, तुकतुकीत — आणि तिची कड किती पातळ आहे हे चिंतामणीला डोळ्यांनी बघायची गरज नव्हती, ते बोटाला ठाऊक होतं... निदान असायचं. वाटी सिलिंडरच्या तोंडाशी तिरकी धरायची, एका अंगाने कड आत घ्यायची, मग अंगठ्याने फिरवत फिरवत उरलेली. घाई केली की कड दुमडते. दुमडलेली कड दिसत नाही. तिच्यामागे पिस्टन जातो, पिस्टनवर रबरी टोपण बसतं, त्यावर ड्रम, ड्रमवर चाक — सगळं नीटनेटकं, बंद — आणि आत काय झालंय ते फक्त तेलाला कळतं. तेल त्या दुमडीतून वाट काढत राहतं, आणि ज्याने पेडल दाबलंय त्याचा पाय खाली, आणखी खाली जातो.

सकाळी एकदा हे सगळं बसवून झालं होतं. गळलं म्हणून पुन्हा उघडलं होतं. फियाट जॅकवर तिरकी उभी होती, मागच्या डाव्या अंगाला लाकडी ठोकळ्याचा टेकू, चाक कुंपणाला टेकवून ठेवलेलं. आणि तो गोणपाटावर मांडी घालून बसला होता, बोटाकडे बघत.

बोट स्थिर होतं.

एवढ्याचसाठी — हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं — एवढ्याचसाठी त्याला ब्रेक स्वतः करायचे होते. पैशांचा प्रश्न नव्हता. कुमुदला तसं वाटत असेल तर वाटो. हात कामात असला की गप्प बसायचा. पाना धरला, चिमटा धरला, साधी नारळाची शेंडी सोलायला घेतली, तरी तो पूर्वीचा हात व्हायचा, कारखान्यातली सगळी यंत्रं ज्याला ओळखायची तो हात. काम संपलं, हात मांडीवर येऊन पडला, की मात्र... उन्हाळ्यात एका संध्याकाळी गॅलरीत रेडिओ ऐकत बसला असताना त्याला पहिल्यांदा दिसलं होतं — उजवा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होती, सावकाश, न थांबता, वाती वळल्यासारखी. कुणाचा तरी दुसऱ्याचाच हात आपल्या मांडीवर विसरून राहिलाय असं वाटून तो त्याच्याकडे बघत राहिला होता. मग कल्याणचे डॉक्टर. त्यांनी कुणा इंग्रज माणसाचं आडनाव सांगितलं, जणू रोग नव्हे, त्या गृहस्थाशी ओळखच करून देत होते. सावकाश वाढतो, म्हणाले. बारीकसारीक कामं जड जातील. बटणं, अक्षर... घरी येऊन कुमुदला त्याने सांगितलं, रक्तदाब आहे थोडा. मीठ कमी कर.

ती मीठ कमी करायला लागली. आजतागायत.

आता त्याने वाटी आत घेतली. अंगठा फिरवला. पूर्वी या वेळी बोटाला एक बारीकशी हालचाल लागायची, कड सुटून आपल्या जागेवर बसल्याची; आज काहीतरी लागलं, पण ते तेच होतं की तेच असावं असं त्याला वाटलं होतं, हे सांगता येत नव्हतं. त्याने पिस्टन दाबला. टोपण चढवलं. ब्रेक-शूची स्प्रिंग दोनदा निसटली. दुसऱ्यांदा निसटून गुलबक्षीच्या रोपात जाऊन पडली आणि ती शोधताना त्याला उगाचच मागे वळून बघावंसं वाटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. खिडकीत कुणी नव्हतं. फक्त तुपाचा आणि जायफळाचा वास. कुमुद अळिवाचे लाडू करत होती.

संध्याकाळी सुनेत्रा येणार होती. उल्हासनगरच्या प्रसूतिगृहातून आज तिला सोडणार होते, तिला आणि बाळाला. नात. काल कुमुद डबा देऊन आली तेव्हा म्हणाली, नाक तुमचं घेतलंय. त्याने परवाच जाहीर केलं होतं, मी स्वतः आणणार, आपल्या गाडीतून. आणि त्याच दुपारी अंबरनाथच्या बाजारातून येताना एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन आडवी आली, त्याने ब्रेक दाबला, आणि पाय नुसता खाली गेला. बाकी काही नाही. कुठे काही लागलंच नाही. हँडब्रेक ओढेपर्यंतच्या त्या पोकळीत त्याला म्हातारीच्या पिशवीतली मेथी अगदी स्पष्ट दिसली. म्हातारीला काही कळलंच नाही. ती गेली पलीकडे.

“परसरामच्या गॅरेजला टाका ना,” कुमुद म्हणाली होती. “दोन तासांचं तर काम.”

“परसराम काय वेगळं करणार आहे? हेच.”

“म्हणून म्हटलं.”

 त्याचं उत्तर जुनं होतं आणि तिला पाठ होतं. गाडी घेतली त्या वर्षी एका गॅरेजवाल्याने चाकाचे नट हातानेच फिरवून सोडून दिले होते, आणि बदलापूरच्या रस्त्यावर चाक लटपटायला लागलं तेव्हा सुनेत्रा मागच्या सीटवर झोपली होती. त्यानंतर या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. ब्रेक केले की सगळे मिळून जांभूळ गावच्या रस्त्याला जायचे. तिकडे पाणीपुरवठा केंद्रापलीकडे रस्ता रिकामा असायचा, तो गाडी पळवायचा आणि सुनेत्रा मागून ओरडायची, “बाबा, आता दाबा!” — गाडी सरळ रेषेत उभी राहायची, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आणि पोरगी पुढच्या सीटवर आपटून हसायची. आपण दाबलं की थांबतं. आयुष्यात इतकी स्वच्छ गोष्ट त्याला दुसरी ठाऊक नव्हती. कारखान्यात, नात्यागोत्यात, कुठेच ती तशी नव्हती.

ड्रम चढवला. चाक बसवलं. मग हाक मारली.

कुमुद पदराला हात पुसत आली. चपला दाराशी काढून, देवळात शिरावं तशी, ती स्टिअरिंगमागे बसली. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. पण ब्रेकच्या पेडलशी तिचा जितका संबंध आला तितका गाड्या चालवणाऱ्या बायकांचाही येत नसेल. नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली, चाकामागे, पाना घेऊन. एक वर.

तो गोणपाटावर उताणा सरकला. बाटलीत तेल, तेलात नळी.

“दाब.”

“दाबलं.”

त्याने हवा काढायचं निपल पान्याने सैल केलं. नळीतून बुडबुडे आले. त्याने ते बंद केलं.

“सोड.”

“सोडलं.”

“दाब.”

हे इतकंच. वर्षानुवर्षं इतकंच. भांडण झालेलं असायचं, कधी दोन-दोन दिवसांचा अबोला असायचा, तरी हे चार शब्द चालायचे. तिचा पाय त्याला दिसत नसे, त्याचे हात तिला दिसत नसत. तिने अर्धा क्षण आधी पाय उचलला तर सगळी हवा परत आत. तिने कधी उचलला नव्हता. कधीतरी त्याला वाटायचं, आपल्या संसारातलं जे काही चांगलं होतं ते या चार शब्दांत बसत होतं... आणि मग वाटायचं, इतकंच?

बुडबुडे थांबले.

“आता दाब आणि धरून ठेव. कसं लागतंय?”

 सायलेन्सरची नळी, पेट्रोलची टाकी, जुन्या चिखलाचे पापुद्रे... तो गाडीच्या पोटाकडे बघत पडून राहिला.

“घट्ट आहे,” कुमुद म्हणाली.

“खाली जातंय का?”

“नाही.”

त्याला तो आवाज ओळखीचा वाटला. लगेच नाही, आधी त्याने पाना खिशात घातला, बाटलीला बूच लावलं, आणि मग ते त्याला आठवलं. माहेरची माणसं विचारायची ना, कसं चाललंय गं — तेव्हा ती ज्या आवाजात म्हणायची, छान चाललंय. तोच. जराही न हलणारा.

तो बाहेर आला. “उतर जरा.”

“झालं ना पण. लाडवांचा पाक आळेल माझा.”

“उतर, कुमुद.”

ती उतरली. तो बसला, सीट तिच्या अंगाने कोमट झालेली. पेडल दाबलं. पहिल्यांदा ते घट्टच लागलं, भरवशाचं. मग पाय तसाच ठेवला तेव्हा ते जायला लागलं. सावकाश. ओल्या मातीत पाय रुतावा तसं, घाई नसलेलं, सभ्य. कुठलाही अडाणी माणूस सांगू शकला असता. आणि ही तर...

कुमुद दाराला धरून उभी होती. पायांत चपला नव्हत्या.

“तुला कळलं नाही?”

तिने दाराच्या काचेवरचा डाग बोटाने पुसला.

“मी विचारतोय, तुला कळलं नाही का?”

“कळलं.”

“मग?”

“तुम्ही तिसऱ्यांदा उघडलं असतं ते सगळं,” ती म्हणाली. “मी खिडकीतून बघत होते. ती स्प्रिंग शोधत होतात ना, तेव्हा. मला नाही बघवत.”

म्हणजे खिडकीत ती होती. त्याने वळून बघितलं त्याच्या आधी, किंवा नंतर.

राग आला. राग आला याचं त्याला बरंच वाटलं, कारण रागाला धरून बसता येतं. “आणि संध्याकाळी? संध्याकाळी ती बाळंतीण, ते पाच दिवसांचं पोर, या गाडीत बसलं असतं. तुझ्या घट्ट पेडलच्या जिवावर! अक्कल आहे का तुला?”

“नसते बसले.”

“काय?”

“कालच ठरलंय. श्यामकांत व्हॅन सांगणार आहेत. मारुती. तिकडूनच घेऊन येतील परस्पर.” ती हे सगळं अगदी हळू बोलत होती, झोपलेल्या मुलाशेजारी बोलावं तसं. “तुम्हाला दुपारी सांगणार होते... डॉक्टरांनी सकाळीच सोडलं, जावयांना घाई होती, असं काहीतरी.”

असं काहीतरी.

श्यामकांत, जावई, सालस मुलगा; सुनेत्रा, पोटची मुलगी; कुमुद. प्रसूतिगृहातली ती खोली त्याला दिसली, लोखंडी खाट, डेटॉलचा वास, आणि तिघं खालच्या आवाजात बोलतायत. बाबांना वाईट वाटेल. मग काय करायचं? तू सांभाळून घे आई. त्यांनी आवाज बाळासाठी खाली केला होता की... आणि तेवढ्यात इतर गोष्टी एकेक करून वर यायला लागल्या, कुणी न बोलवता. अलीकडे चहाचा कप अर्धाच भरलेला असतो. गॅसचा सिलिंडर हलवायला शेजारचा अनंता कसा नेमका त्याच वेळी येतो. आणि दिवाळीला तिने त्याला दोन झब्बे शिवून घेतले. जन्मात झब्बा न घातलेल्या माणसाला. त्याला वाटलं होतं, हौस. आताही त्यातलाच एक अंगात होता. झब्ब्याला बटणं नसतात. वरचं एक असतं, ते न लावलं तरी चालतं.

केव्हापासून? विचारावंसं वाटलं आणि विचारवलं नाही. तो बाहेरून अख्खं घर चालवत होता, आणि आतून त्याच्या हातांशिवायचं घर कधीच मांडून झालं होतं, रोज थोडं थोडं, त्याला ठेच लागू नये अशा बेताने. म्हणजे माया. यालाच माया म्हणत असणार. मग गुदमरायला का होतंय?

त्याने जॅक उतरवला. रॉकेलने हात धुतले, मग साबणाने. टॉवेल शोधत होता तो तिने पुढे केला, तो त्याने घेतला नाही, लेंग्यालाच हात पुसले.

“परसरामकडे नेतो.”

“इथे बोलवा ना माणसाला. अनंताकडून फोन करा.”

“पहिल्या गियरमध्ये नेईन. हँडब्रेक धरतोय.”

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, कढईवर झाकण. मग बाहेर आली, दाराला कुलूप लावलं, एक किल्ली अनंताकडे देऊन आली, दुसरी कनवटीला खोचली, आणि गाडीला वळसा घालून पुढच्या सीटवर येऊन बसली.

“तू कशाला?”

“असंच.”

“उतर. ब्रेक नाहीत गाडीला.”

“माहीत आहे.”

“बाळानं बसायचं नाही आणि तू बसायचं?”

“हो,” कुमुद म्हणाली.

तिच्या पदराला अळीव चिकटले होते. ती समोर बघत होती. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, लागेल असं. पण त्या ‘हो’ला कुठे धरायची जागाच नव्हती.

गाडी निघाली. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. सायकलवाले पुढे जात होते, रिक्षावाले मागून भोंगे वाजवत होते, एकजण वळून हिंदीत काहीतरी ओरडून गेला. चढाला त्याला बरं वाटायचं, उताराला तो हँडब्रेक थोडा वर ओढून ठेवायचा. वालधुनीच्या पुलावर कारखान्यांचा तो कुजक्या बदामासारखा वास आला आणि कुमुदने नेहमीसारखा पदर नाकाला लावला. त्याचा डावा हात हँडब्रेकवर होता. तिचा हात तिच्याच मांडीवर, मूठ वळलेली.  पूर्वी जांभूळच्या रस्त्याला ती अशीच बसायची, पण तेव्हा तिला भीती वाटत नसे. आता वाटत होती, ते तिच्या मुठीवरून दिसत होतं, आणि तरी ती बसली होती. हा विश्वास नव्हता. विश्वास संपल्यानंतरचं काहीतरी होतं हे, आणि त्याला नाव काय द्यायचं ते त्याला कळेना. विश्वास असताना शेजारी बसणं सोपं असतं... तो पुढचा विचार करायला घाबरला आणि समोरच्या बैलगाडीकडे बघू लागला.

उल्हासनगरची हद्द लागली त्या वळणावर परसरामचं गॅरेज होतं. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चिंतामणी वर्षानुवर्षं सामान घ्यायला येत असे, त्यामुळे परसराम त्याला ओळखत होता. गाडी मात्र कधी आत गेली नव्हती.

“आओ साईं, आओ!” परसरामने हातातली काचेची पेली खाली ठेवली. “आज गाडी भी साथ में? क्या हुआ?”

“ब्रेक,” चिंतामणी म्हणाला. “पीछे का लेफ्ट. सिलिंडर. हमने खोला था... दो बार.”

“हो जाएगा. बैठो ना, भाभीजी को बिठाओ. टाइम लगेगा थोड़ा.”

बस. परसराम एवढंच बोलला. आणखी काही विचारलं नाही, हसला नाही, कुणी शिकवलं साईं असली कामं करायला असंही म्हणाला नाही. चिंतामणी ज्याच्याशी भांडायला तयार होऊन आला होता तो कुणी तिथे नव्हताच. चाकाचे नट सुटल्याचे आवाज आले. रस्त्याच्या कडेला कुठल्यातरी ॲम्बॅसेडरची काढून ठेवलेली मागची सीट भिंतीला लावली होती, तिच्यावर कुमुद बसली होती. तो जाऊन शेजारी बसला.

ऊन उतरत होतं. समोर जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांचे पत्रे, त्यांच्यावर वाळत घातलेलं निळं कापड. हात मांडीवर आला आणि त्याचं त्याचं काम करायला लागला. चिंतामणीने तो खिशात घातला नाही. झब्ब्याचा खिसा खोल होता, पण नाही घातला.

कुमुद बराच वेळ हाताकडे बघत होती. उघड, पहिल्यांदाच.

“काय म्हणाले होते डॉक्टर?”

“कंपवात.”

“रक्तदाब नाही?”

“नाही.”

ती विचार करत होती. “म्हणजे मीठ...”

“मीठ चालतं.”

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला वाटलं ती हसली. पण तिने तोंड पलीकडे वळवलं होतं, पत्र्यांकडे, आणि तिची पाठ दिसत होती फक्त, तीही नीट कळत नव्हती.  दुःख झालं होतं का त्याला? ते तर होतंच, तळाशी, काठोकाठ भरलेलं. पण त्याच्यावर एक पातळशी, लाजिरवाणी सुटका तरंगत होती, आणि ती दिसू नये म्हणून काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

“साईं!” परसरामने हाक मारली. तो चाकापाशी उकिडवा बसला होता, हातात काहीतरी काळं, छोटं. “आके देख लो एक बार. बंद करूं उसके पहले.”

उठावं, असं गुडघ्यांनी ठरवलंसुद्धा होतं. बघायला हवं. कड नीट बसलीये का, नवं घातलंय की जुनंच धुऊन, नळी कुठे घासतेय का... न बघता बंद केलेल्या गोष्टीवर पाय कसा ठेवायचा माणसाने?

“तुम ही देखो,” तो म्हणाला. त्याला आपला आवाज फार मोठा वाटला.

परसराम क्षणभर थांबला आणि मग खाली वाकला.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, उल्हासनगरकडून अंबरनाथकडे. ट्रक, रिक्षा, लग्नाच्या मांडवाचे बांबू नेणारा टेम्पो. मग एक पांढरी मारुती व्हॅन आली. काचा वर होत्या. आत मागच्या अंगाला कुणीतरी डोक्याला रुमाल बांधून बसल्यासारखं दिसलं, बाळंतिणीसारखं. पण मावळतीचा उजेड काचेवर आला आणि नक्की काही कळलं नाही. कुमुद अर्धवट उठली. “ती का हो?”  व्हॅन पुढे गेली, वळणाशी आली, जरा जास्तच वेगात आहे असं त्याला वाटलं. ड्रायव्हर कुठला, कुणाचा, गाडीच्या चाकांत शेवटचं कुणी बघितलं... आणि व्हॅनचे मागचे दोन्ही दिवे तांबडे झाले. वेग तुटला. व्हॅन वळली, दिसेनाशी झाली.

त्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय पुढे गेला होता आणि धुळीत टाचेपर्यंत रोवला होता, सगळं अंग त्या पायावर. तिथे दाबायला काही नव्हतं, आणि हे त्याला समजलंही होतं. तरी तो पाय त्याला बराच वेळ उचलता आला नाही.